इंग्रजी वाक्यात विशेषण कुठे आणि कसं वापरायचं, पहिल्यापासून समजून घेऊ

इंग्रजीतलं विशेषण म्हणजे ॲडजेक्टिव्ह हे तसं मराठीपेक्षा खूप सोपं आहे, तरी बोलताना लिहिताना सगळ्यात जास्त घसरायला होतं ते इथेच. याचं कारण मला बरीच वर्षं कळत नव्हतं, मग एकदा मराठी आणि इंग्रजी वाक्यं शेजारी शेजारी लिहून बघितली आणि लक्षात आलं की मराठीत विशेषणाचा सगळा भार त्याच्या रूपावर असतो आणि इंग्रजीत तो जागेवर असतो. आपण म्हणतो चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक, चांगल्या मुलाला. शब्द सतत बदलतोय, त्यामुळे तो वाक्यात थोडा इकडेतिकडे गेला तरी कुणाबद्दल आहे ते कळतं. इंग्रजीत मात्र "गुड" हे कायम "गुड"च राहतं, मग ते कुणाबद्दल आहे हे कळणार कसं तर ते कुठे बसलंय त्यावरून. एवढं डोक्यात पक्कं केलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

आधी रूपाचा विचार सोडून द्या

मराठीत पण काही विशेषणं बदलत नाहीत ना, लाल फूल, लाल गाडी, लाल दिवे. हुशार मुलगा, हुशार मुलगी. इंग्रजीतली जवळजवळ सगळी विशेषणं अशी "लाल"सारखी आहेत असं समजा. नाम एकवचनी असो की अनेकवचनी, स्त्री असो की पुरुष, विशेषण हलत नाही. बदलतात ती फक्त धिस-दीज आणि दॅट-दोज ही बोट दाखवणारी, म्हणून "दीज बुक्स" म्हणायचं, "धिस बुक्स" नाही.

हे वाचताना सोपं वाटतं पण दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक म्हणजे आकडा असलेलं विशेषण. "तो पाच वर्षांचा आहे" हे "ही इज फाइव्ह इयर्स ओल्ड", इथे इयर्स बरोबर. पण तेच नामाच्या आधी आलं की "अ फाइव्ह इयर ओल्ड बॉय", इथे इयरला एस लागत नाही कारण आता तो सगळा तुकडा मिळून एक विशेषण झालाय आणि विशेषणाला अनेकवचन नसतं. लिहिताना त्या तीन शब्दांच्या मधे छोटी आडवी रेघ द्यायची. तसंच "अ टेन मिनिट ब्रेक", "अ टू डे ट्रिप". दुसरी चूक म्हणजे "द पुअर" चं "द पुअर्स" करणं. "द रिच", "द पुअर", "दि एल्डरली" म्हणजे तशी सगळी माणसं, त्याला एस लागत नाही पण क्रियापद मात्र अनेकवचनी, "द पुअर नीड हेल्प".

जागा मुख्यतः दोन

पहिली जागा नामाच्या लगेच आधी, "अ टॉल बिल्डिंग". दुसरी जागा क्रियापदानंतर, "द बिल्डिंग इज टॉल". आता इथे आर्टिकलचा, म्हणजे नामाआधी येणाऱ्या अ, ॲन, द यांचा गोंधळ होतो. "शी इज अ ब्यूटिफुल" असं वाक्य मी कितीतरी वेळा वाचलंय. तो "अ" विशेषणाचा नसतोच, तो नामाचा असतो, पुढे नाम नसेल तर "अ" पण नको. एकतर "शी इज ब्यूटिफुल" म्हणा नाहीतर "शी इज अ ब्यूटिफुल वुमन". आणि "अ" की "ॲन" हे नामावर नाही तर लगेच पुढच्या शब्दाच्या उच्चारावर ठरतं, म्हणून "अ हाऊस" पण "ॲन ओल्ड हाऊस", "अ मॅन" पण "ॲन ऑनेस्ट मॅन" कारण ऑनेस्टमधला एच बोलला जात नाही, आणि "अ युजफुल बुक" कारण लिहिताना यू स्वर असला तरी उच्चारात "य" येतो.

दुसऱ्या जागेत फक्त "इज, ॲम, आर" नसतात. सीम, लुक, फील, साउंड, स्मेल, टेस्ट, बिकम, गेट, स्टे ही क्रियापदं पण पुढे विशेषण घेतात. ओळखायची सोपी युक्ती अशी की त्या क्रियापदाच्या जागी "इज" टाकून बघा, अर्थ साधारण तोच राहिला तर पुढे विशेषण येणार. "यू लुक टायर्ड" चं "यू आर टायर्ड" करून बघा, चालतंय. "द फ्लॉवर स्मेल्स स्वीट" चं "द फ्लॉवर इज स्वीट", चालतंय. पण "ही लुक्ड ॲट मी अँग्रिली" इथे "इज" टाकलं तर वाक्य मोडतं, म्हणजे इथे लुक हे खरंखुरं बघणं आहे, दिसणं नाही, म्हणून तिथे क्रियाविशेषण.

विशेषण की क्रियाविशेषण

या भागावर थोडं थांबून विचार करा, कारण ही चूक मराठीच आपल्याकडून करवून घेते. आपण म्हणतो "तो चांगला खेळतो", "ती चांगली खेळते". खेळणं कसं आहे ते सांगतोय म्हणजे काम क्रियाविशेषणाचं आहे, पण शब्द मात्र विशेषणासारखा कर्त्याप्रमाणे बदलतोय. मराठीत हे अगदी बरोबर आहे. "छान" तर दोन्हीकडे चालतं, छान मुलगी, छान गाते. म्हणून आपल्या कानाला "ही प्लेज गुड" यात काही खटकतच नाही. इंग्रजीत मात्र ही दोन कामं वेगळ्या शब्दांना दिलेली आहेत, खेळाडू "गुड" आणि खेळणं "वेल". "शी इज अ गुड सिंगर" आणि "शी सिंग्ज वेल".

वाक्य लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, की मी वस्तू किंवा माणूस कसा आहे ते सांगतोय की क्रिया कशी होतेय ते. पहिलं असेल तर विशेषण, दुसरं असेल तर क्रियाविशेषण, जे बहुतेक वेळा विशेषणाला "ली" लावून होतं, क्विक-क्विकली, केअरफुल-केअरफुली.

पण शेवटी "ली" दिसलं की क्रियाविशेषण असं धरून चालू नका. फ्रेंडली, लव्हली, लोनली, सिली ही सगळी विशेषणं आहेत. "ही टॉक्ड टू मी फ्रेंडली" असं होत नाही, "ही टॉक्ड टू मी इन अ फ्रेंडली वे" म्हणावं लागतं. उलट फास्ट, हार्ड, लेट यांना "ली" न लावताच दोन्ही कामं करता येतात. हार्डला "ली" लावलं तर अर्थच उलटा होतो, "ही वर्क्स हार्ड" म्हणजे तो मेहनत करतो आणि "ही हार्डली वर्क्स" म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. हे वाक्य कुणाच्या शिफारसपत्रात चुकलं तर काय होईल विचार करा. लेटलीचा अर्थ पण उशिरा नाही, हल्ली असा आहे.

काही विशेषणांना एकच जागा चालते

अस्लीप, अवेक, अलाइव्ह, अलोन, अफ्रेड, अशेम्ड अशी "अ" ने सुरू होणारी काही विशेषणं नामाच्या आधी बसत नाहीत. "द बेबी इज अस्लीप" बरोबर पण "ॲन अस्लीप बेबी" चूक, तिथे "अ स्लीपिंग बेबी". "अ फ्राइटन्ड चाइल्ड" म्हणा, "ॲन अफ्रेड चाइल्ड" नको. उलट मेन, ओन्ली, फॉर्मर, मिअर ही फक्त आधीच बसतात, "द मेन रीझन" चालतं पण "धिस रीझन इज मेन" चालत नाही. एल्डर पण याच गटातलं आहे, "माय एल्डर ब्रदर" ठीक पण "ही इज एल्डर दॅन मी" नाही, तिथे "ओल्डर दॅन मी".

समथिंग, एनिथिंग, नथिंग, समवन यांच्या बाबतीत विशेषण मागे जातं, "समथिंग न्यू", "नथिंग सीरियस". आपण मराठीत "काहीतरी नवीन" म्हणतो, क्रम तोच आहे, त्यामुळे हे सहज जमतं. इनफ पण विशेषणाच्या मागे, "बिग इनफ", पण नामाच्या आधी, "इनफ टाइम".

काही विशेषणांची जागा बदलली की अर्थच बदलतो. "द प्रेझेंट मेंबर्स" म्हणजे सध्याचे सदस्य आणि "द मेंबर्स प्रेझेंट" म्हणजे तिथे हजर असलेले सदस्य. "हर लेट हजबंड" म्हणजे तिचे दिवंगत पती आणि "हर हजबंड इज लेट" म्हणजे पतीला यायला उशीर झालाय. हा फरक माहीत नसला तर किती वाईट गैरसमज होऊ शकतो ते वेगळं सांगायला नको.

दोन तीन विशेषणं एकत्र आली तर

मराठीत "लाकडी जुनी मोठी खुर्ची" म्हणा की "मोठी जुनी लाकडी खुर्ची", थोडं वेगळं वाटेल पण चूक कुणी म्हणणार नाही. इंग्रजीत क्रम बराच पक्का आहे. आधी आपलं मत, मग लहान-मोठेपणा, मग वय, मग आकार, मग रंग, मग कुठलं आहे ते, मग कशाचं बनलंय आणि शेवटी कशासाठी आहे. सगळ्यांचं एकच उदाहरण करायचं तर "अ ब्यूटिफुल लार्ज ओल्ड राउंड ब्राउन जर्मन वुडन रायटिंग टेबल". असं वाक्य प्रत्यक्षात कुणी लिहीत नाही आणि तुम्हीही लिहू नका, दोन जास्तीत जास्त तीन विशेषणं पुरतात. पण क्रमामागचं कारण समजून घ्या, जे त्या वस्तूत जितकं मुरलेलं तितकं ते नामाला चिकटून बसतं. लाकूड काढून टाकलं तर टेबलच राहत नाही म्हणून वुडन अगदी जवळ, आणि सुंदर हे तर माझं मत आहे, दुसऱ्याला ते कुरूपही वाटेल, म्हणून ते सगळ्यात लांब.

स्वल्पविरामाचं असं आहे की एकाच जातीची विशेषणं असतील आणि मधे "अँड" टाकून किंवा क्रम उलटवून चालत असेल तर स्वल्पविराम द्या, जसं "अ लाँग, टायरिंग जर्नी". वेगवेगळ्या जातीची असतील तर देऊ नका, "ॲन ओल्ड वुडन चेअर". आणि क्रियापदानंतर आली तर शेवटच्याच्या आधी "अँड" हवंच, "द जर्नी वॉज लाँग अँड टायरिंग".

अजून एक खास आपली सवय, लहान लहान, वेगवेगळे, मोठमोठे असं शब्द दोनदा म्हणायची. मराठीत त्यातून अनेक वस्तू आहेत असा भाव येतो आणि तो फार गोड आहे, पण इंग्रजीत "स्मॉल स्मॉल बॉक्सेस" किंवा "डिफरंट डिफरंट कलर्स" होत नाही. तो भाव नामाचं अनेकवचनच सांगतं, "स्मॉल बॉक्सेस", "डिफरंट कलर्स". जोर द्यायचाच असेल तर "टायनी" किंवा "मेनी डिफरंट" घ्या.

एका "मोठ्या"चे किती शब्द

व्याकरण बरोबर असूनही वाक्य परकं वाटतं ते बऱ्याचदा यामुळे. आपलं "मोठा" हे एकटं किती कामं करतं बघा. मोठं घर "बिग हाऊस", मोठा आवाज "लाउड नॉइज", मोठा पाऊस "हेवी रेन", मोठा भाऊ "एल्डर ब्रदर", मोठा लेखक "ग्रेट रायटर", मोठी यादी "लाँग लिस्ट". "बिग रेन" म्हटलं तर समोरच्याला कळेल, पण कानाला बोचेल. तसंच "जुना" आणि "म्हातारा" दोन्ही ओल्डच, पण "ॲन ओल्ड फ्रेंड" म्हणजे बहुतेक वेळा जुना मित्र आणि "माय फ्रेंड इज ओल्ड" म्हणजे मित्र म्हातारा आहे. "कडक" चं पण असंच, कडक शिक्षक "स्ट्रिक्ट", कडक लाकूड "हार्ड", कडक ऊन "स्ट्राँग सन". म्हणून नवीन विशेषण शिकताना ते एकटं लिहून ठेवू नका, त्याच्यासोबत येणाऱ्या नामाची जोडी लिहून ठेवा. माझ्या मते शब्दसंग्रह वाढवायचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

बोरिंग की बोर्ड

"मला कंटाळा आलाय" यात आपण "मला" म्हणतो, म्हणजे कंटाळा ही गोष्ट बाहेरून येऊन मला चिकटली. इंग्रजीत तीच गोष्ट विशेषणाने सांगतात आणि विशेषणं दोन आहेत. भावना ज्याला होते त्याला शेवटी "एड" वालं, भावना जी गोष्ट निर्माण करते तिला "आयएनजी" वालं. लेक्चर बोरिंग, मी बोर्ड. बातमी शॉकिंग, आपण शॉक्ड. प्रवास टायरिंग, प्रवासी टायर्ड. "आय ॲम बोरिंग" म्हटलं तर त्याचा अर्थ मी कंटाळवाणा माणूस आहे असा होतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत "आय ॲम व्हेरी एक्सायटिंग टू जॉइन" म्हटलं तर तेही भलतंच होतं, तिथे "एक्सायटेड". माणसाला "इंटरेस्टिंग" म्हणता येतं, पण तेव्हा त्याच्याकडे बघून दुसऱ्याला रस वाटतोय असा अर्थ असतो. गोंधळ झाला की मराठीत करून बघा, "कंटाळवाणा" बसतं की "कंटाळलेला", जे "लेला" वालं बसतं तिथे एड.

तुलना करताना

मराठीत तुलनेसाठी विशेषणाला काही होत नाही, "पेक्षा" लावलं की झालं, "तो माझ्यापेक्षा उंच आहे". म्हणून सुरुवातीला आपण "ही इज टॉल दॅन मी" म्हणतो. मग शाळेत "ईआर" आणि "मोर" दोन्ही शिकवतात आणि मग आपण "मोर टॉलर" करतो. दोघांपैकी एकच घ्यायचं.

कोणतं घ्यायचं ते शब्दाच्या लांबीवर. एका झटक्यात बोलला जाणारा छोटा शब्द असेल तर ईआर आणि ईएसटी, टॉल-टॉलर-टॉलेस्ट. बिग, हॉट, थिन अशा शब्दात शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं. शेवटी वाय असलेले हॅपी, ईझी, बिझी यांचा वाय जाऊन आय येतो आणि मग ईआर. लांब शब्दांना मोर आणि मोस्ट, "मोर ब्यूटिफुल", "मोर इम्पॉर्टंट". मधल्या काही शब्दांना, जसं क्लेव्हर, सिंपल, नॅरो, दोन्ही चालतात. आणि पाठच करायचे असे थोडेच आहेत, गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट, लिटल-लेस-लीस्ट, मच आणि मेनी दोघांचं मोर-मोस्ट, फारचं फार्दर किंवा फर्दर.

बेटरच्या आधी व्हेरी येत नाही. "खूप जास्त चांगला" म्हणायला "मच बेटर" किंवा "अ लॉट बेटर", थोडासाच फरक असेल तर "अ बिट बेटर". सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांच्यापुढे दॅन नाही तर टू येतं, कारण हे शब्द लॅटिनमधून आलेत आणि त्यांच्यात तुलना आधीच भरलेली आहे. "सगळ्यात" वाल्या रूपाआधी "द" लागतो, "द टॉलेस्ट बॉय", पण माय, हिज असं काही असेल तर द नको, "माय बेस्ट फ्रेंड". "वन ऑफ द बेस्ट" नंतर नाम नेहमी अनेकवचनी, "वन ऑफ द बेस्ट प्लेअर्स", कारण अनेकांमधला एक असं म्हणतोय आपण. आणि "ही इज टॉलर दॅन एनी बॉय इन द क्लास" यात तो स्वतःपेक्षाही उंच ठरतो, म्हणून "एनी अदर बॉय".

व्हेरी, टू, सो, सच

आपण "खूप" साठी टू वापरतो पण टूचा अर्थ गरजेपेक्षा जास्त, म्हणजे त्यात तक्रार असते. "धिस बॅग इज व्हेरी हेवी" म्हणजे जड आहे, उचलेन कदाचित. "धिस बॅग इज टू हेवी" म्हणजे नाही उचलता येत. सो एकट्या विशेषणाला, "सो डिफिकल्ट", आणि पुढे नाम असेल तर सच, "सच अ डिफिकल्ट क्वेश्चन". परफेक्ट, डेड, इम्पॉसिबल, एनॉर्मस अशा टोकाच्या शब्दांना व्हेरी लावत नाहीत, जोर हवा असेल तर "ॲब्सोल्यूटली" किंवा "कम्प्लीटली" त्यातलं जे शोभेल ते.

फ्यू आणि अ फ्यू, लिटल आणि अ लिटल यात पण असाच भाव लपलाय. "आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स" म्हणजे थोडे का होईना मित्र आहेत, "आय हॅव फ्यू फ्रेंड्स" म्हणजे फारसे मित्रच नाहीत. मोजता येतं तिथे फ्यू आणि मेनी, मोजता येत नाही तिथे लिटल आणि मच.

विशेषणानंतरचा छोटा शब्द

याला नियम नाही, जोडीच लक्षात ठेवावी लागते. गुड ॲट, अफ्रेड ऑफ, प्राउड ऑफ, फुल ऑफ, इंटरेस्टेड इन, रिस्पॉन्सिबल फॉर, फेमस फॉर, सिमिलर टू, डिफरंट फ्रॉम, वरीड अबाउट. मराठीतून थेट उचललं की चुकतं, "तिच्याशी लग्न झालंय" यातल्या "शी" मुळे आपण "मॅरिड विथ" म्हणतो, खरं "मॅरिड टू". "गणितात हुशार" मधल्या "त" मुळे "गुड इन मॅथ्स" येतं, तिथे "गुड ॲट".

आता स्वतः करून बघा

तुम्ही आधी लिहिलेला एखादा ईमेल किंवा अर्ज घ्या आणि त्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा, मग प्रत्येकाचं नाम कुठलं ते बाण काढून दाखवा. ज्याचा बाण नामाकडे न जाता क्रियापदाकडे जातो तिथे बहुतेक क्रियाविशेषण हवं होतं. सुरुवातीला वेळ लागतो, आठवडाभराने नजर बसते. खालची वाक्यं आधी स्वतः दुरुस्त करा, मग पुढे वाचा.

"शी गेव्ह मी रेड स्मॉल स्मॉल ब्यूटिफुल बॉक्सेस." इथे शब्द दोनदा आलाय आणि क्रम उलटा आहे, बरोबर वाक्य "शी गेव्ह मी ब्यूटिफुल स्मॉल रेड बॉक्सेस".

"आय वॉज टायरिंग आफ्टर अ टू अवर्स वॉक." थकलेला मी आहे म्हणून टायर्ड, आणि अवर्सचा एस जाणार, "आय वॉज टायर्ड आफ्टर अ टू अवर वॉक".

"माय एल्डर सिस्टर इज मोर टॉल दॅन मी अँड सिंग्ज गुड." एल्डर इथे बरोबर आहे कारण ते नामाच्या आधी आलंय. "मोर टॉल" चं टॉलर आणि गाणं ही क्रिया म्हणून वेल.

"दि अस्लीप चाइल्ड लुक्ड पीसफुली." यात दोन चुका आहेत आणि दोन्ही जागेच्याच. अस्लीप नामाआधी बसत नाही म्हणून स्लीपिंग, आणि लुक्डच्या जागी "वॉज" टाकून बघितलं तर अर्थ टिकतो म्हणून पीसफुलीचं पीसफुल, "द स्लीपिंग चाइल्ड लुक्ड पीसफुल".